धुराची वाट : परळ, डहाणू आणि कुरकुंभ



न्यायशास्त्रातला एक दृष्टान्त आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, असे अनुमान करावे, असे शास्त्रकार सांगतात. मी पाठशाळेत बसलेला माणूस नव्हे. कारखान्याच्या पाळ्या आणि युनियनची कचेरी सांभाळून जे हाती आले ते वाचीत आलो. तरीही या अनुमानाला एक पुरवणी जोडावी असे मला वाटते. धूर दिसला की तो कोणाच्या घरावर जातो आहे हेही पाहावे. ज्यांच्या घरावर तो रोज जातो, त्या लोकांचे त्या प्रांतात फारसे चालत नाही, असे खुशाल समजावे.

आजचा विषय हवेचा आहे. हवेचा इतिहास असतो काय, असा प्रश्न कोणी विचारील. राजांचा असतो, लढायांचा असतो, फार तर गिरण्यांचा असतो. हवा तर कालची आज उरत नाही. परंतु हवा उरत नसली, तरी ती कोणी घाण केली, कोणी तक्रार केली, कोणी कायदा केला आणि तो कोणी मोडला, याची नोंद उरते. ती नोंद चाळली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. आपल्या महाराष्ट्रात धूर क्वचितच थांबला. बहुतेक वेळा त्याने गाव बदलले. तो बलवानाच्या दारातून उठला आणि दुर्बळाच्या दारात जाऊन बसला. जेथे तो खरोखर अडविला गेला असे एक ठळक ठिकाण समुद्रकाठी आहे. त्याचे नाव डहाणू. तो तेथे का अडला, हे कुरकुंभच्या आणि दौंडच्या माणसाने नीट समजून घेण्याजोगे आहे.

आरंभ मुंबईपासून करू. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्यास घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. शतक संपेपर्यंत गिरण्यांची संख्या सत्तरीपलीकडे गेली. प्रत्येक गिरणीला बॉयलर, प्रत्येक बॉयलरला कोळसा आणि प्रत्येक कोळशाला चिमणी! मुंबई बेटावर वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. तो प्रथम मलबार टेकडीला लागतो आणि मग गिरण्यांवरून पुढे परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींकडे जातो. म्हणजे ताजी हवा बंगल्यांना आणि वापरलेली हवा चाळींना, अशी वाटणी निसर्गानेच करून ठेविली होती. धनिकांनी फक्त जागा हेरल्या. १८८० नंतरच्या दशकात गव्हर्नरसाहेबांनीही परळचा आपला वाडा सोडून मलबार टेकडीच्या टोकाला कायमचा मुक्काम हलविला. त्याची कारणे अनेक होती; पण ज्यांना हलता येत होते ते हलले आणि ज्यांना भोंग्याच्या हाकेवर पोचायचे होते ते तेथेच राहिले, एवढे खरे.

धूर डोळ्यांना खुपू लागला तेव्हा सरकारने कायदा केला. बंगालात १९०५ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला, त्यापाठोपाठ १९१२ साली मुंबईचा झाला. चिमणीतून किती काळा धूर निघावा यावर निर्बंध आले, तपासणीची व्यवस्था झाली. त्या काळी धुराचा काळेपणा मोजण्यासाठी रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा तक्ता जगभर वापरला जाई. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या कमीअधिक दाट जाळ्या काढलेल्या असत; तो लांब धरायचा, चिमणीकडे पाहायचे आणि कोणत्या जाळीशी धुराचा रंग जुळतो ते ठरवायचे. साधन साधे आणि उपयोगी होते. पण त्याने दिसेल तेवढाच धूर मोजला जाई. कोळशातल्या गंधकापासून होणाऱ्या वायूला रंग नसतो. तो तक्त्यात येत नाही, छातीत मात्र जातो. दिसते ते मोजायचे आणि न दिसणारे सोडून द्यायचे, ही आपल्या प्रदूषणनियमनाची जुनी खोड या काळापासूनची आहे.

मुंबईच्या गिरण्यांचा धूर कमी झाला त्याला या कायद्यापेक्षा सह्याद्रीवरचा पाऊस अधिक कारणीभूत झाला. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईत येऊ लागली. वाफेच्या इंजिनांच्या जागी विजेच्या मोटारी बसू लागल्या. बॉयलर थंडावले आणि चिमण्या मंदावल्या. ही उत्तम गोष्ट झाली, यात शंका नाही. पण तिची किंमत कोणी दिली? आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या शेतकऱ्याने. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला. सत्याग्रह हरला, जमिनी बुडाल्या आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले. मुंबईची हवा निवळण्यास मावळातली भाताची खाचरे खर्ची पडली. मुंबईच्या कामगाराला हे कोणी सांगितले नाही आणि मुळशीच्या शेतकऱ्याने मुंबईचा धूर पाहिला नव्हता. एकाची चूल आणि दुसऱ्याची जमीन यांचा हिशोब ज्या वहीत एकत्र मांडला जातो, ती वही सामान्य माणसाच्या हाती कधी येत नाही.

स्वातंत्र्यानंतर धुराने पुढची वाट धरली. मुंबईच्या पूर्वेला, तुर्भ्याच्या खाडीकाठी, माहूल नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. १९५४ आणि १९५५ साली तेथे तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने चालू झाले, १९५६ मध्ये औष्णिक वीजकेंद्र आले आणि १९६५ च्या सुमारास खताचा कारखाना. शेजारच्या चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणू लागले. या कारखान्यांनी हजारो कुटुंबांना भाकरी दिली, हे कामगार चळवळीतला माणूस कधीच नाकारणार नाही. पण माहूलच्या ग्रामस्थांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे नेलेल्या तक्रारीवर चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावणारा निकाल यायला २०२० साल उजाडले. पहिली चिमणी उभी राहिल्यापासून साठाहून अधिक वर्षे!

याच काळात जगात काय चालले होते? १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुराचे आणि धुक्याचे झाकण बसले. त्यात चार हजार माणसे दगावल्याचा पहिला अंदाज होता. पुढच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. चारच वर्षांत, १९५६ साली, ब्रिटिश पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा केला. आपल्याकडे हवेचा देशव्यापी कायदा १९८१ साली झाला आणि त्यात दात बसविण्याची गरज पटायला भोपाळ घडावे लागले.

आता डहाणूकडे वळू. हा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. पश्चिमेला समुद्र आणि कोळीवाडे, मध्ये चिकूच्या वाड्या, पूर्वेला वारली आदिवासींचे डोंगर. येथला वारली माणूस १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला, तो गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने. लाल बावट्याच्या इतिहासात त्या लढ्याचे पान मानाचे आहे. तेव्हा डहाणू म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणारा मुलूख नव्हे.

मुंबईच्या उपनगरांना विजेची भूक लागली होती. ती भागविण्यासाठी बी.एस.ई.एस. कंपनीचे ५०० मेगावॉटचे कोळशावर चालणारे केंद्र डहाणूच्या खाडीकाठी नेण्याचे ठरले आणि १९८९ साली त्याला केंद्र सरकारची परवानगी मिळाली. उजेड अंधेरी-बोरिवलीत आणि राख डहाणूत, अशी ही विभागणी होती. बागायतदार आणि पर्यावरणवादी मंडळी न्यायालयात गेली. १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबविण्यास नकार दिला. एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर डहाणूची कथा माहूलसारखीच झाली असती. पण परवानगीच्या कागदात एक अट होती. धुरातला गंधक वायू काढून टाकणारे संयंत्र बसविण्याची ती अट होती, आणि ती सहजासहजी सैल करू नये असे न्यायालयाने बजावले. ही एक ओळ पुढे सोळा वर्षे पुरली.

त्याच वर्षी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. उद्योगांची हिरवा, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी झाली. उद्योगांखालची एकूण जमीन ५०० एकरांपलीकडे जाऊ नये आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखावा, असे ठरले. कागद उत्तम होता. पण कागदाला हातपाय नसतात. ते लाभले १९९६ साली. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि त्याला अनुसरून डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, म्हणजे गांधीवादी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे चिरंजीव, अध्यक्ष झाले. एका तालुक्याच्या हवा-पाण्यासाठी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली कायमचे बसलेले मंडळ, ही आपल्या देशात फार दुर्मिळ गोष्ट होती.

वीजकेंद्र १९९५ पासून चालू झाले होते, संयंत्र मात्र बसले नव्हते. कंपनीचे म्हणणे असे, की कोळशात गंधक थोडा आहे आणि चिमणी २७५ मीटर उंच आहे. मग एवढा खर्च कशाला? येथे उंच चिमणीचे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे. चिमणी उंच केल्याने वायू एका ग्रॅमनेही कमी होत नाही. तो दूरवर पांगतो, म्हणून जवळच्या माणसाला कमी लागतो आणि लांबच्या माणसाला थोडा लागू लागतो. केर झाडून शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्याचाच तो प्रकार आहे. फक्त अंगण लांबचे निवडलेले असते. त्यातून समुद्रकाठची हवा दिवसभरात दिशा बदलते. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून आत येतो. रात्री जमीन निवते आणि वारा उलट वाहतो. म्हणजे दिवसा वाड्यांकडे गेलेला धूर रात्री पुन्हा किनाऱ्याकडे परतू शकतो.

प्राधिकरणाने १९९९ च्या मे महिन्यात संयंत्र बसविण्याचा आदेश दिला. पुढे न्यायालयांच्या वाऱ्या झाल्या, मुदती मागितल्या गेल्या, कंपनीचे मालक बदलले. अखेर २००५ साली प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. पैशाची गोष्ट निघाली तेव्हा कामाला वेग आला आणि २००७ साली संयंत्र चालू झाले. त्याची रीत समुद्रकाठाला साजेशी आहे. समुद्राचे पाणी स्वभावतः थोडे क्षारधर्मी असते. धूर त्या पाण्याने धुतला की गंधक वायू पाण्यात विरतो आणि त्याचे सल्फेट होते, जे समुद्रात मुळातच असते. यात गूढ काही नाही. तंत्र उपलब्ध होते, पैसा उपलब्ध होता; नव्हती ती सक्ती, आणि तीच यायला सोळा वर्षे लागली.

हे यश केवढे मोठे होते, हे पुढच्या घटनांनी दाखविले. देशातल्या सर्व औष्णिक केंद्रांना गंधक वायूची मर्यादा केंद्र सरकारने २०१५ च्या डिसेंबरात घातली, म्हणजे डहाणूनंतर आठ वर्षांनी. मग मुदतीमागून मुदती वाढल्या आणि २०२५ च्या जुलैत बहुसंख्य केंद्रांना या संयंत्राच्या सक्तीतून सूटच मिळाली. एका तालुक्याने जे पदरात पाडून घेतले, ते उभ्या देशाला जमले नाही.

पण डहाणूचाही हुरळून जाऊन विचार करू नये. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने त्याच वाढवणच्या बंदराला अटी घालून संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको यावर मतभेद असतील. मच्छीमारांचे मत त्यांनी रस्त्यावर येऊन सांगितले आहे. माझा मुद्दा इतकाच, की संरक्षण ही एकदा मिळवून तिजोरीत ठेवण्याची वस्तू नाही. महागाई भत्त्यासारखी ती दर करारात पुन्हा मागावी लागते.

आता आपल्या दारात येऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबई-ठाण्यात दाटी झाली होती, उद्योग राज्यभर पसरावेत, मागास तालुक्यांतल्या तरुणांना घराजवळ काम मिळावे, हा हेतू योग्यच होता. त्या धोरणाच्या ओघात रासायनिक कारखाने कोकणात लोटे परशुरामला गेले, घाटावर कुरकुंभला आले. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे फिरंगाई देवीचे हे गाव औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांचे गाव झाले. माळरानावर रोजगार आला. मात्र त्या रोजगाराबरोबर मुंबई-ठाण्याचा धूरही आला. त्याचा रंग मात्र बदलला होता. परळचा धूर काळा होता, म्हणून निदान दिसे. कुरकुंभचा धूर बहुतेक वेळा दिसतच नाही; तो वासाने ओळखावा लागतो. द्रावणांच्या वाफा, आम्लांच्या वाफा, कधी कुजक्या अंड्यासारखा दर्प.

रात्रीच वास जास्त का येतो, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. एक कारण निसर्गाचे आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. थंड हवा जड असते. ती वर चढत नाही, पातेल्यावर झाकण ठेवावे तशी स्थिती होते आणि सोडलेला वायू गावातच घुटमळतो. डहाणूला निदान समुद्राचा वारा आहे. आपल्याकडे तेवढाही आधार नाही. दुसरे कारण निसर्गाचे नाही. रात्री अधिकारी झोपलेले असतात, हे ज्याला झडप उघडायची आहे त्यालाही ठाऊक असते. कोणती झडप केव्हा उघडते, हे रात्रपाळीच्या कामगाराइतके दुसऱ्या कोणालाच कळत नाही.

येथेच कामगाराचा प्रश्न येतो. आपल्या कायद्याने हवेचे दोन तुकडे केले. फाटकाच्या आतली हवा १९४८ च्या फॅक्टरी कायद्याकडे आणि फाटकाबाहेरची १९८१ च्या हवा कायद्याकडे. इन्स्पेक्टर वेगळा, कचेरी वेगळी, तक्रारीचा अर्ज वेगळा. वायूला मात्र फाटकावर पास दाखवावा लागत नाही. भोपाळमध्ये १९८१ च्या डिसेंबरात विषारी वायूने एक कामगार मेला. १९८२ साली तिथल्या युनियनने भित्तिपत्रके लावून शहराला सावध केले, की हा धोका कामगारांपुरता नाही. कोणी लक्ष दिले नाही. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री जे घडले ते जग जाणते. आतल्या माणसाने बाहेरच्याला सांगितले होते. बाहेरच्याने ऐकले नव्हते. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही देणे मालकावर बंधनकारक झाले. सुरक्षा समितीत कामगारांना बरोबरीची जागा मिळाली. तो कायदा आता २०२० च्या संहितेत सामावला गेला आहे. पण मूळ तत्त्व विसरू नये. धोक्याची माहिती मालकाची खाजगी मालमत्ता नव्हे.

'हवेचा आग्रह धराल तर कारखाना जाईल आणि पोरांचे काम जाईल', ही भीती आपल्याला वारंवार घातली जाते. तिला डहाणूचे उत्तर पुरेसे आहे. संयंत्र बसले म्हणून तेथले वीजकेंद्र बंद पडले नाही. ते चालतच राहिले. कामगार पाळीवर असतो तेव्हा कामगार असतो आणि पाळी सुटली की गावकरी होतो. त्याची फुप्फुसे मात्र कारखान्यासाठी वेगळी आणि घरासाठी वेगळी नसतात. ज्याला 'पोट की श्वास' असा प्रश्न विचारला जातो, त्याने प्रश्न विचारणाऱ्याला आधी विचारावे, की तुम्ही स्वतः या दोहोंतले काय सोडले?

मग डहाणूपासून आपण काय घ्यावे? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, अट आधी कागदावर असली पाहिजे. प्रत्येक कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात. ते कागद माहितीच्या अधिकाराखाली मिळवून गावात मराठीतून वाचून दाखविले पाहिजेत. दुसरी, ऐकणारे मंडळ जवळ आणि कायम असले पाहिजे. तक्रार करायला पुण्याला जायचे आणि अधिकारी येईतो वास उडून जायचा, ही रीत 'वरातीमागून घोडे' अशीच आहे. ग्रामपंचायत, कामगार, डॉक्टर आणि मंडळाचा अधिकारी यांची ठरलेल्या दिवशी बसणारी खुली सभा कुरकुंभला हवी. तिसरी, अट मोडली तर पैसा जाईल अशी हमी आधीच जमा असली पाहिजे. ३०० कोटींच्या हमीने जे घडविले ते आर्जवांनी घडले नव्हते.

याला एक चौथी गोष्ट मी आपल्यातर्फे जोडतो. २००९ साली केंद्राने हवेची जी राष्ट्रीय मानके ठरविली, त्यांत बारा घटक आहेत. धूलिकण, गंधक वायू, अमोनिया, बेंझीन वगैरे. आपल्याकडे ज्या द्रावणांचा वास येतो त्यांतली बहुतेक त्या यादीत नाहीत. म्हणजे यंत्र 'हवा ठीक आहे' असे सांगेल आणि तरीही म्हाताऱ्यांना खोकला लागेल. रिंगेलमानच्या तक्त्याचीच ही नवी आवृत्ती होय. म्हणून गावाने स्वतःची वही ठेवावी. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कसला, किती वेळ टिकला, कोणाला काय त्रास झाला, एवढेच लिहावे. दहावीची मुले हे काम उत्तम करतील. एका रात्रीची तक्रार ही गावगप्पा ठरते; तीन वर्षांची वही पुरावा होते. मजुरीच्या तंट्यात हजेरीपट जे काम करतो, तेच हवेच्या तंट्यात ही वही करील.

परळच्या धुराला कोणी वही लावली नाही, म्हणून त्याने किती आयुष्ये आखडली हे आज सांगता येत नाही. माहूलच्या माणसाला न्यायाचा कागद हाती पडायला दोन पिढ्या गेल्या. डहाणूला सोळा वर्षे लागली. हा काळ कमी होत आला आहे, आणि तो आणखी कमी करणे आपल्या हाती आहे. मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. कुरकुंभचा वास गेला, पण तो कारखाना उद्या एखाद्या आणखी गरीब तालुक्यात जाऊन तोच वायू सोडू लागला, तर आपण जिंकलो असे म्हणू नये. आपली मागणी धूर येथून हलवा अशी नसावी. तो येथेच, चिमणीच्या तोंडाशी, धुऊन घ्या अशी असावी.